सात वाट्यांचा हिशेब

मा. ना. बाबासाहेब पाटील,
सहकारमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस,

साहेब, मी अहमदपूरची, तुमच्याच मतदारसंघातली. घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, जून आला की शाळेचे गणवेश. माझ्या पतींचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि गावाकडं साडेतीन एकर कोरडवाहू रान. २०१८ च्या संक्रांतीला आमच्या घरावर पाच लाख तीन हजार रुपयांचं देणं होतं. मार्च २०२३ मध्ये ते फिटलं. ते कसं फिटलं हे कुणाला तरी नीट सांगावं असं मनात होतं, पण तुम्हाला लिहावं असं वाटलं ते हाडोळतीच्या त्या नवरा-बायकोमुळं.

जुलै २०२५ मधला तो व्हिडिओ साऱ्या देशानं पाहिला. बैलजोडी परवडत नाही, ट्रॅक्टरचं भाडं परवडत नाही, म्हणून म्हातारा स्वतः औताला जुंपलेला आणि मागं त्याची बायको औत धरून चाललेली. हाडोळती आपल्याच तालुक्यातली. तुम्ही त्यांचं सोसायटीचं थकलेलं कर्ज भरलंत, चाळीस हजारांच्या घरातलं. चांगलं केलंत, एका घराच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. माझे सासरे असते तर म्हणाले असते, पूर्वी ही वेळच आली नसती. ज्याच्या घरी बैल नाहीत त्याच्या रानात गाव इर्जिक घालायचं. पाच-सहा जण आपापली औतं घेऊन यायचे, दिवसभरात रान उरकायचं, रात्री त्या घरी सगळ्यांचं जेवण. सहकाराचा कायदा १९०४ चा. इर्जिक त्याच्या कितीतरी आधीची.

मला त्या व्हिडिओत दुसरंच काही दिसत राहिलं. औताला दोघं होती. आपल्याकडं शेत ओढायला नेहमी दोघंच असतात, कर्ज फेडायलाही दोघंच असतात. फक्त कर्जाच्या कागदावर बहुतेक घरांत एकच असतो, आणि दुसरीला ते कर्ज किती आहे हेसुद्धा माहीत नसतं. मला माहीत नव्हतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दहा-बारा बायका बसलेल्या, मी वाण म्हणून आणलेल्या चहाच्या गाळण्या वाटत होते. दारात एक पोरगा मोटारसायकल उभी करून मोठ्यानं म्हणाला, "भाऊला सांगा, तीन महिन्याचं याज ऱ्हायलंय." एवढंच बोलला आणि गेला. बायका खाली बघायला लागल्या. कुणीतरी उखाण्याचा विषय काढला. मी पुढच्या बाईच्या हातात गाळणी ठेवली, पण ती कुणाच्या हातात ठेवली हे मला आजही आठवत नाही.

त्या रात्री आम्ही भांडलो, ते सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी बोललो नाही. तिसऱ्या रात्री मुलं झोपल्यावर यांनीच लोखंडी पेटीतून कागद काढले आणि स्वयंपाकघरात फरशीवर बसले. मी मुलीच्या जुन्या गणिताच्या वहीतली कोरी पानं घेतली. पंख्यानं कागद उडत होते म्हणून एकेका कागदावर एकेक वाटी पालथी घातली. सोसायटीचं पीककर्ज पंच्याऐंशी हजार, एक वाटी. नणंदेच्या लग्नात गहाण टाकलेलं सोनं, एक लाख दहा हजार. कृषी सेवा केंद्रातली खता-बियाण्यांची उधारी, अठ्ठावीस हजार. धाकट्या दिरांकडून घेतलेले साठ हजार. आणि सासऱ्यांच्या आजारपणात, लातूरच्या दवाखान्याचं बिल भरायला काढलेलं दीड लाख, शेकडा तीन रुपयांनी. त्याला कागदच नव्हता. सही केलेला कोरा स्टॅम्पपेपर त्या माणसाकडं होता. आम्ही चिठ्ठीवर नुसता आकडा लिहिला आणि त्यावर वाटी ठेवली.

यांना वाटलं, झालं. मग मी उठले आणि कपाटातल्या साड्यांच्या घडीतून दोन पासबुकं काढली. महिला गटाचं फायनान्सवाल्यांचं कर्ज. पहिलं चाळीस हजारांचं यांना माहीत होतं. दुसरं तीस हजारांचं मी सांगितलं नव्हतं. पहिल्याचे हप्ते भरायला आणि मुलाची फी भरायला घेतलं होतं. म्हणजे लपवाछपवी एकट्या पुरुषाचीच होती असं मी म्हणू शकत नाही. सात वाट्या झाल्या. आम्ही दोघंही त्या वाट्यांकडं बघत बसलो. पाच लाख तीन हजार हा आकडा त्या रात्री पहिल्यांदा आमच्या घरात कुणीतरी मोठ्यानं म्हटला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती.

यांचं म्हणणं, आधी सोसायटी. सातबाऱ्यावर बोजा आहे, थकबाकीदारांच्या यादीत नाव लागतं, चारचौघांत मान खाली जाते. मी शाळेत शिकलेला सरळव्याजाचा हिशेब मांडला. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. दीड लाखावर महिन्याला साडेचार हजार. तेहतीस महिने आम्ही ते भरले होते, एक लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे, आणि मुद्दल जिथल्या तिथं. सोसायटीचं पीककर्ज मात्र मुदतीत भरलं तर केंद्राची आणि राज्याची व्याजसवलत धरून बिनव्याजी पडतं. त्या वेळी ही मर्यादा एक लाख होती, २०२१ पासून तीन लाख झाली. ज्या कर्जाची आम्हाला सगळ्यांत जास्त लाज वाटत होती ते सगळ्यांत स्वस्त होतं, आणि जे घर खात होतं ते कुणाला दिसत नव्हतं म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

साहेब, तुम्हाला नवं-जुनं माहीत आहे. तुमच्या खात्याचाच तो शब्द. मार्चअखेर आली की आमचे हे त्या दीड लाखवाल्या माणसाकडूनच आठ दिवसांसाठी पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवीन कर्ज उचललं की त्याला परत करायचे. आठ दिवसांचे दोन हजार. असं करून आम्ही कागदावर नियमित कर्जदार राहिलो. २०१९ ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना थकबाकीदारांसाठी होती, दोन लाखांपर्यंत. आम्ही त्यात बसलो नाही. नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम जाहीर झाली होती, ती २०२२ मध्ये आमच्या खात्यात आली आणि उपयोगाची ठरली, त्याबद्दल सरकारचे आभारच आहेत. पण तुमच्या कागदावर नियमित असलेलं घर आतून किती पोखरलेलं असू शकतं, हे क. म. पत्रकात कुठं दिसतं? मंजुरीच्या मर्यादेच्या त्या पत्रकात एकर आणि पीक असतं. बाकीच्या सहा वाट्या नसतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये चोपड्याला बोलताना लोकांना कर्जमाफीचा नाद लागल्याचं तुम्ही म्हणालात. नंतर तुम्ही दिलगिरी व्यक्त केलीत, म्हणून मी ते उकरून काढत नाही. तेव्हा नुकतीच अतिवृष्टी होऊन गेली होती, सोयाबीन पाण्यात उभं होतं, त्यामुळं शब्द लागला एवढं खरं. कर्जमाफीला माझा विरोध नाही. पीक वाहून गेलेल्या माणसानं कर्ज कुठून भरायचं? माझं सांगणं वेगळंच आहे. सात वाट्यांतली एकच वाटी कर्जमाफीत बसते. ती उचलून नेली तर घराला थोडा श्वास मिळतो, आणि सहा वाट्या तशाच पालथ्या राहतात. दोन वर्षांत सातवी पुन्हा येऊन बसते. २००८, २०१७, २०१९, तिन्ही माफ्या आमच्या गल्लीनं पाहिल्या. माफी मिळालेल्या काही घरांत आज जास्तच देणं आहे, कारण दवाखाना, लग्न आणि लातूरच्या क्लासची फी सोसायटीच्या कर्जातून होत नाही.

आमचं कसं फिटलं ते आता थोडक्यात सांगते. सोनं सोडवायचं नाही, विकायचं, असं मी म्हटलं. सात तोळे होते, त्यात माझ्या आईनं दिलेल्या पाटल्या. घट आणि कर्ज वजा जाता साडेत्र्याहत्तर हजार हातात आले. साडेतेरा हजार त्या दीड लाखाचं तुंबलेलं व्याज, साठ हजार मुद्दलात. महिन्याचं व्याज साडेचार हजारांवरून दोन हजार सातशेवर आलं. पाटल्या गेल्या त्या दिवशी मी रडले. पण महिन्याला अठराशे रुपये वाचले हे वहीत लिहिताना जे वाटलं ते सोनं अंगावर घालून कधी वाटलं नव्हतं. पुढं दुकानाची कमाई, माझी शिलाई आणि एका खरिपाचं सोयाबीन, असं करत २०१९ च्या दिवाळीला ती वाटी उचलली.

पैसे द्यायला दोघं गेलो. रक्कम मोजून झाली तसा तो माणूस म्हणाला, स्टॅम्पपेपर सापडत नाही, बघून ठेवतो. मी त्याच्या ओट्यावर बसले. यांनी चला म्हटलं, मी उठले नाही. तास-दीड तास गेला. घरातून त्याची आई बाहेर आली, तिनं माझ्याकडं पाहिलं, आत गेली आणि तो कागद घेऊन आली. मी तो घरी आणून चुलीत घातला. यांची सही जळताना आम्ही दोघंही बघत होतो.

नंतर लॉकडाऊन आलं. दुकान बंद, मी मास्क शिवले. गटाचे हप्ते रखडले, पुढं ढकलले, २०२१ मध्ये संपले. २०२२ च्या सुरुवातीला सोयाबीन क्विंटलला सात हजारांच्या आसपास होतं तेव्हा राखून ठेवलेला माल विकला आणि दिरांचे साठ हजार दिले. दिरांनी घ्यायला नको म्हटलं, जाऊबाईंनी घेतले. त्यांचंच बरोबर होतं, त्यांच्याही घरात वही असायला हवी.

पैशांपेक्षा अवघड होतं ते वागणं बदलणं. माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्या घराकडून भरजरी आहेर जायची पद्धत. आम्ही पाचशे एक रुपयांचं पाकीट दिलं आणि आदल्या दिवशीच जाऊन दोन दिवस राबलो, यांनी पंगतीत वाढलं. सासूबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. त्यांचं दुःख मला समजत होतं. त्यांच्या पिढीला पत म्हणजे मागितल्यावर उधार मिळणं, आणि मिळालेलं चार माणसांत दिसणं. आम्हीही तेच मानत होतो. मुलगी दहावी झाली तेव्हा सगळे म्हणाले लातूरला घाला, एकर विका पण घाला. तिला आम्ही वहीच दाखवली. सोळा वर्षांची पोर, तिनं सगळी पानं वाचली आणि विचारलं, "दवाखान्याचे दीड लाख मला आधी का नाही सांगितले?" ती इथंच अहमदपुरात शिकली. आता नर्सिंगला आहे. लातूरचा क्लास लावला असता तर डॉक्टर झाली असती की नाही, मला सांगता येत नाही. त्या निर्णयाची बोच माझ्या मनात आहे, ती मी नाकारत नाही.

आता मूळ विषय.

माझ्या माहेरच्या गल्लीत एक बाई राहते. तिच्या नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला. तेरावा व्हायच्या आत माणसं येऊ लागली. कुणी म्हणे पन्नास हजार, कुणी म्हणे ऐंशी. खरं काय, खोटं काय, तिला कळायला मार्ग नव्हता, कारण जिवंतपणी त्यानं तिला एकही आकडा सांगितलेला नव्हता. सरकार अशा घराला एक लाखाची मदत देतं, पण त्यासाठी कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. वहीत नसलेल्या कर्जाला मदतीतही जागा नाही. आपल्या मराठवाड्यात अशा किती बायका आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांतल्या प्रत्येकीच्या दारात, माझ्या दारात आला तसा एखादा पोरगा आधी येऊन गेला असेल.

म्हणून माझी मागणी कर्जमाफीच्या मागणीपेक्षा स्वस्त आहे. विकास सोसायटीनं कर्ज मंजूर केलं, नवं-जुनं केलं, थकबाकीची नोटीस काढली किंवा देणं फिटल्याची बेबाकी दिली, तर त्या प्रत्येक कागदाची एक प्रत खातेदाराच्या बायकोच्या हातात पडावी. खातेदार बाई असेल तर नवऱ्याच्या हातात. साध्या मराठीत, एका पानावर: मुद्दल किती, व्याज किती, कोणत्या तारखेपर्यंत भरलं तर सवलत मिळते आणि तारीख चुकली तर किती पडतं. गटसचिवानं ते पान वाचून दाखवावं आणि वाचून दाखवलं म्हणून तिची सही घ्यावी. जामीनदार म्हणून तिची सही नको. बायकांच्या सह्या जामीनदार म्हणून घ्यायला सगळे तयार असतात. तिला माहीतगार करा. देणं तिच्या माथी मारायचं नाही, फक्त तिला ते दिसलं पाहिजे.

हे काही जगावेगळं नाही. शेतकरी नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली आणि १९९२ मध्ये सरकारनंही सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची वाट मोकळी केली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं याच राज्यानं बंधनकारक केलं. जमिनीवर नाव येतं, मुलांच्या नावात नाव येतं, मग कर्जाच्या माहितीत का येऊ नये?

दुसरी गोष्ट सावकारीची. सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा तुमच्याच खात्याकडं आहे. शेतकऱ्याला तारण घेऊन वर्षाला नऊ टक्के, विनातारण बारा टक्के, यापेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. चक्रवाढ लावता येत नाही. कितीही वर्षं झाली तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपल्या आज्या ज्याला दामदुप्पट म्हणायच्या तेच. आम्ही एक लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे व्याज भरलं होतं. आणखी दीड हजार भरले की दर कितीही असो, परवाना असलेल्या सावकारालासुद्धा पुढं एक रुपया व्याज मागता आला नसता. आमच्या माणसाकडं तर परवानाच नव्हता, म्हणजे त्याचा धंदाच गुन्हा होता. हे मला कळलं २०२१ मध्ये, एका वकिलीणबाईंच्या ब्लाऊजचं माप घेताना. तोपर्यंत त्याचं सगळं फेडून झालं होतं. हा कायदा चार ओळींत बाजार समितीच्या गेटवर, सोसायटीच्या भिंतीवर, बसस्टँडवर रंगवून लावायला किती खर्च येतो? खाली लातूरच्या जिल्हा उपनिबंधकांचा आणि इथल्या सहायक निबंधकांचा फोन नंबर. तक्रार करायला लोक घाबरतात हे मला मान्य आहे, मीही घाबरले असते. पण नऊ आणि बारा हे दोन आकडे माहीत असले असते तर छत्तीसला हो म्हणताना यांची जीभ अडखळली असती.

आणि तिसरं. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरवर सह्या घेऊन उरकते. एका वर्षी ती घरच्या बायकांना बोलावून घ्या, देवळाच्या पारावर नाही तर शाळेत. अहवाल वाचून दाखवा. २०२५ हे संयुक्त राष्ट्रांनी सहकाराचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. आमच्या गावात त्याचा बॅनरसुद्धा दिसला नाही. त्याचं दुःख नाही, सभा झाली तर वर्ष कोणतंही चालेल.

तुमच्या शिरूर ताजबंदहून तुम्ही अहमदपूरला येता तेव्हा वाटेवरच्या कुठल्याही घरात थांबा. घरच्या माणसाला बाहेर बसवा आणि बाईला विचारा, घरावर देणं किती आहे. दहा घरांत विचारा. मग मी मागतेय ते जास्त आहे का, ते तुम्हीच ठरवा.

मार्च २०२३ मध्ये सोसायटीचं कर्ज कुणाकडून आठ दिवसांचे पैसे न उचलता भरलं आणि त्या वर्षी नवीन उचललं नाही. बेबाकीचा दाखला मिळाला तो आणायला यांनी मला बरोबर नेलं. सचिवांनी तो यांच्या हातात दिला, यांनी माझ्या हातात. त्यावर एकच नाव आहे. आमच्या लोखंडी पेटीत तो वहीच्या वरच ठेवलेला आहे. पुढचं नवं-जुनं सुरू व्हायच्या आत, येत्या मार्चच्या आत, दुसऱ्या प्रतीचा एवढा एक आदेश काढा, ही विनंती.

आपल्या मतदारसंघातली,
अहमदपूरची एक शिवणकाम करणारी बाई